आठ तलवारींच्या आतली बाई

३ तारीख, सोमवार

आज दुपारी पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्या मावशींनी टेबलावरचा पत्ता उलटा केला, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. याआधीही दोनदा बदललं होतं, कॉलेज सोडलं तेव्हा आणि ती पहिल्यांदा मामाच्या दुकानात किल्ली करायला आली तेव्हा. पण त्या रंगीत तालमी.

पत्ता असा. लाल झग्यातली बाई, डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती दोर. आजूबाजूला आठ तलवारी चिखलात रोवलेल्या. लांब कड्यावर किल्ला. आभाळ राखेच्या रंगाचं. बघताक्षणी ओळखलं. ही तीच. मावशींच्या माडीवर भाड्याने राहणारी, समोरच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढणारी, आणि मी जे विचारलं त्यावर एकदाच ‘नाही’ म्हणालेली. एकदा म्हणजे फायनल नव्हे.

मावशी म्हणाल्या, पत्ता तू उचललास, तेव्हा ही बाई तू. म्हटलं, मी बाई कसा? म्हणाल्या, पत्त्यात मिशा बघायच्या नसतात. दोर बघ, सैल आहे. पाय मोकळे आहेत. समोर एकही तलवार नाही. वाट आहे, पण नाही असं धरून बसलीय.

म्हणजे पट्टी सोडणारा कोणीतरी हवा. कोण, हे मला मावशींनी सांगायची गरज नाही.

ठराव: तिला सोडवायचं.

४ तारीख, मंगळवार

तलवारी कोण कोण याचा अभ्यास. एक, चष्मेवाला मालक: उशिरापर्यंत थांबवून घेतो. दोन, तिचा भाऊ: फोन करतो तेव्हा ती हसून बोलते, म्हणजे दडपण. तीन, खुद्द मावशी: जिन्याचं दार लवकर बंद करतात. बाकीच्या सापडतील.

मामा म्हणाला, भाचेराव, कानस किल्लीवर चालवायची असते, खिडकीबाहेर नाही. मामाचं किल्ल्यांचं दुकान. कॉलेज मी सोडलं. कॉलेजने मला सोडलं असं आई सांगत फिरते, तिला डिटेल्स माहीत नाहीत. सरांची कॉलर धरली तीसुद्धा तत्त्वासाठी.

मामाचा एक नियम आहे. कापताना बिघडलेली किल्ली गिऱ्हाइकासमोर पक्कडीत धरून मोडायची. दुसऱ्याच्या घराचा तुकडासुद्धा आपल्याकडे राहता कामा नये म्हणतो. जुनी माणसं. तिची किल्ली केली तेव्हा पहिली जरा खरखरीत झाली म्हणून दुसरी केली. पहिली मोडायची राहून गेली. नंतर घासून गुळगुळीत केली. ड्रॉवरमध्ये आहे. फक्त इमर्जन्सीसाठी.

६ तारीख, गुरुवार

मेसेजला एकच टिक. फोन काढून घेतलेला दिसतो.

डोळे तपासायला गेलो. मालक स्वतः पुढे आला, म्हणाला, तुमचे डोळे गेल्या आठवड्याइतकेच उत्तम आहेत, सारखं येऊन मॅडमना त्रास देऊ नका. ती आतल्या खोलीत. पडद्याखालून चपला दिसल्या. जराही हलत नव्हत्या. इतकी जखडलेली. मालकाला दोन शब्द सुनावले. काउंटरवरचा आरसा फुटला, तो मी मुद्दाम फोडला नाही.

ठराव: राग आवरायचा. उद्यापासून.

९ तारीख, रविवार

संध्याकाळभर दिव्याच्या खांबाखाली उभा होतो. मी आहे, एवढं तिला कळावं. खिडकीचा पडदा सेफ्टी पिनांनी बंद केलेला. मला बघून तिने खोलीतला दिवा घालवला. ही खूण झाली.

मावशी खाली आल्या. बाळा, घरी जा म्हणाल्या. म्हटलं, रस्ता कोणाच्या बापाचा नाही. म्हणाल्या, नाहीच, पण रस्त्यावर लोक चालतात रे, तू रोवल्यासारखा उभा राहतोस. पत्ते वाचून वाचून बाईंची भाषा नाटकी झालीय.

११ तारीख, मंगळवार

तिने कामावर जायची वाट बदलली. आता मागच्या गल्लीने जाते. कोणाच्या धाकाने कोण जाणे. मी मागच्या गल्लीत थांबलो, तर पुढून गेली. आज पुढे थांबलो, तर गेलीच नाही. डोळ्यांवर पट्टी असली की माणसाचं असं होतं.

१४ तारीख, शुक्रवार

मी जेवायला गेलो होतो तेवढ्यात ती दुकानात येऊन गेली. मामा म्हणाला, आतून लावायची कडी घेतली, सगळ्यात जाड, वर लांब स्क्रू मागितले. मग विचारतो, भाचेराव, एकट्या पोरीला आतून एवढी कडी कशाला लागत असेल? म्हटलं, कोणाची तरी भीती असणार. मामा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, मलाही तेच वाटतं.

निदान मामा तरी माझ्या बाजूचा निघाला.

नंतर त्याने माझा ड्रॉवर उपसला. काय शोधतोस विचारलं, तर म्हणाला, सापडू नये अशी वस्तू. किल्ली माझ्या खिशात होती.

१७ तारीख, सोमवार

पत्त्याचा फोटो मोठा करून पलंगासमोर चिकटवलाय. आई म्हणाली, या बाईकडे बघत तुला झोप तरी कशी लागते? लागत नाही. काल तलवारी बाईपासून लांब होत्या असं वाटतं. छापलेली वस्तू हलत नाही, एवढं शिक्षण झालंय माझं. तरी आज जवळ वाटतात.

मामाने पुन्हा कॉलेजचा विषय काढला. परत जा, मी सरांचे पाय धरतो म्हणाला. म्हटलं, माझ्या डोक्यावर जबाबदारी आहे. कोणाची, म्हणाला. सांगितलं नाही. कानस भिरकावली. मामाला लागली नाही. पण लागली असती. चहा मीच करून दिला. त्याने घेतला नाही.

प्लॅन: गुरुवारी दुपारी मावशी घरी नसतात आणि तिला सुट्टी असते. मागच्या जिन्याने वर जायचं. दार उघडायचं. म्हणायचं, चल, तू मोकळी आहेस. एवढंच. जास्त बोललं की परिणाम जातो. ती रडेल. पुढचं आपोआप होईल.

१९ तारीख, बुधवार

आरशासमोर वाक्य म्हणून पाहिलं. ‘मोकळी’वर जोर बरा वाटतो. दाढी केली. कापलं.

२० तारीख, गुरुवार, संध्याकाळ

गेलो. किल्ली पहिल्या झटक्यात फिरली. आतली कडी लावलेली नव्हती. दाराशी दोन बॅगा भरून ठेवलेल्या. वाटलं, तिला कळलं होतं मी येणार.

ती भिंतीला टेकली. हातात खुर्ची, खुर्चीचे पाय माझ्याकडे.

मी वाक्य म्हटलं. चल, तू मोकळी आहेस.

ती म्हणाली, मग दारातून बाजूला हो.

ओरडली नाही. अनोळखी कुत्र्याशी बोलतात तशी बोलली, हळू, नजर न हलवता.

मी बाजूला झालो. लगेच नाही झालो. किती वेळ ते लिहीत नाही. तेवढा वेळ खुर्ची तशीच होती. माझ्या डोक्यात काय चाललं होतं तेही लिहीत नाही. मग झालो बाजूला. तिने खुर्ची सोडली, एक बॅग उचलली, दुसरी तशीच टाकली. जिन्यावरून पळत गेल्याचा आवाज आला. खिडकीतून बघितलं, खाली पुढच्या दारापाशी टेंपो होता, मागून आल्यामुळे मला दिसला नव्हता. टेंपोशेजारी मावशी आणि मामा. मामा माल आणायला जातो म्हणून गेला होता. त्याने तिला हात देऊन वर चढवलं. मग माडीकडे बघितलं.

खोलीत खुर्चीशिवाय एक टेबल तेवढं उरलं होतं, जड, मावशींचं. त्याच्यापासून थेट दारापर्यंत फरशीवर ओरखडे. जुने, त्यावर नवे, त्याहून नवे. मावशींनी कधीतरी सामान हलवलं असेल, असं इथे लिहिणार होतो. पण दाराला टेकवलेलं टेबल आतूनच ओढावं लागतं. आत ती एकटी राहायची.

टेंपो निघाला. दुसरी बॅग निदान खाली नेऊन द्यावी म्हणून तिच्या पट्ट्याला हात घातला. मग काढून घेतला. बाहेर आलो. दार लावलं.