मनावर घेऊ नका

दादा,

दवाखान्यात बाबांच्या खाटेपाशी तू माझा दंड धरून मला बाहेर काढलंस, त्याला अकरा दिवस झाले. राग अजून गेलेला नाही.

औषधांच्या दुकानात मी एकोणीस वर्षं काढली. कोणती गोळी कोणत्या गोळीबरोबर चालत नाही, ते मला तोंडपाठ आहे. म्हणून डॉक्टरांना म्हणाले, "या दोन एकत्र दिल्यात तर बाबांना रक्तस्राव होईल. तुमची चूक झाली आहे." आवाज चढला असेल, नजरेला नजर दिली नसेल, पण बोलले ते खरं होतं.

आणि तू हसून म्हणालास, "तिला ॲस्पर्जर आहे, मनावर घेऊ नका." ॲस्पर्जरचं, म्हणजे सौम्य स्वमग्नतेचं, ते निदान मी फक्त तुला सांगितलं होतं, भाऊ म्हणून!

संध्याकाळी डॉक्टरांनी गुपचूप एक गोळी बंद केली. तू मला बजावलंस, "तिकडे फिरकू नकोस, तुला बोलायचं कळत नाही."

हे पत्र पाठवणार नाही. तू ते वहिनीला वाचून दाखवशील आणि दोघं हसाल. पण आज बाबांचा फोन आला. "तू का येत नाहीस गं?" मी खरं ते सांगितलं. मग ते म्हणाले, "उद्या सकाळी ये, आणि माझ्या सगळ्या गोळ्या एकदा तूच तपास."

मी जाणार आहे.

तुझी धाकटी बहीण