परसातल्या पाखरांची हजेरी

तीर्थस्वरूप ताईस,

आधी तुझ्या गुडघ्यांना आणि मग तुला साष्टांग नमस्कार. (तुझ्या घरात सध्या हुकूम त्यांचाच चालतो असं तूच मागच्या पत्रात लिहिलंयस, म्हणून मानाचा क्रम तसा लावला.) आम्ही दोघं ठीक आहोत. माझी कंबर मध्यंतरी रुसली होती, पण ती हकीकत ओघाने येईलच, कारण आजच्या विजयात तिचाही वाटा आहे. होय, विजयच म्हणतोय मी. शब्द नीट वाच आणि चष्मा पुसून पुन्हा वाच.

तुझी अट तुला आठवत असेलच. भावोजींना जाऊन दोन वर्षं झाली, तू त्या सात खोल्यांत एकटी, कठड्याला धरून जिना चढतेस, आणि इकडे राहायला ये म्हटलं की तुझं उत्तर ठरलेलं: माझ्या पाखरांना पाणी कोण ठेवणार? वर मला टोमणा, की तुझ्या परसात कावळासुद्धा वाट चुकूनच येतो. शेवटी म्हणालीस, "कावळा सोडून चार जातींची पाखरं तुझ्याकडे यायला लागली, की मी बोचकं बांधते." ताई, हे मला फार लागलं. ज्याने चौतीस वर्षं कारखान्याच्या गेटवर बाराशे माणसांची हजेरी घेतली, त्याला चार पाखरं जमवता येऊ नयेत?

लगेच कामाला लागलो. कारखान्यातल्याच एका जुन्या सुताराकडून दाण्यांची पेटी करून घेतली. (त्याने ती चार दिवस उशिरा आणली आणि वर मलाच ऐकवलं की साहेब, तुम्ही लावलेल्या लेटमार्कांची आज फिटंफाट झाली.) पेटी खांबावर बसवली, शेजारी विटांच्या चौथऱ्यावर पाण्याचं पसरट भांडं ठेवलं आणि वेळ ठरवून टाकली. सकाळी आठ ते बारा, दुपारी एक ते पाच. मधला तास पेटीला झाकण, कारण ढिलाई दिसली की पाखरू काय आणि कामगार काय, दोघंही शेफारतात. बरोबर आठच्या ठोक्याला मी पितळी घंटा बडवायचो, म्हणजे लांबच्या पाखरांनाही पाळी सुरू झाल्याचं कळावं. मग पेटीपासून तीन हातांवर खुर्ची टाकून, खाकी कोट चढवून (अंगात कोट नसला की मला आकडे सुचत नाहीत) आणि हजेरीपट मांडीवर घेऊन पाच वाजेपर्यंत जागचा हलत नसे.

पहिले बारा दिवस एकूणएक गैरहजर. तेराव्या दिवशी एक कावळा आला, त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि दाणा न टिपता परत गेला. मी दाणे बदलले. पाणी दिवसातून चारदा बदललं. भांडं फिनेलने घासलं (त्यावरून घरात जे बोलणं झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही). तुझी भावजय तासातासाला दारात येऊन म्हणायची, अहो, जरा आत येऊन बसा ना. मी समजलो, बाईला माझ्या उन्हाची काळजी. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी माणूस कसा विरघळतो बघ. पण मी काही ड्यूटी सोडली नाही.

विसाव्या दिवशी पाण्याची बादली उचलताना कमरेत अशी उसण भरली की मी काटकोनातच घरात आलो. डॉक्टरांनी आठ दिवस आडवं राहायला सांगितलं. हिने मला मागच्या खोलीत खिडकीशी टाकलं आणि परसाचा कारभार आपल्या हाती घेतला. आता हिचा कारभार म्हणजे काय, आठवेल तेव्हा मूठभर दाणे, हात मोकळा असेल तेव्हा पाणी, आणि घंटेच्या नावाने शंख. मी पडल्या पडल्या नुसता धुमसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्याच्या काठावर एक चिमणी येऊन बसली. मान तिरकी करून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ पाण्यात उतरली. पंख झाडून झाडून अशी मनसोक्त आंघोळ केली की खिडकीच्या काचेवर थेंब उडाले. ताई, मी रडलो. खोटं कशाला सांगू, तुझीच आठवण आली. हुंदका ऐकून ही धावत आली, तिला वाटलं मी खाटेवरून पडलो. तिलाही दाखवलं. आम्ही दोघं किती तरी वेळ बघत बसलो.

मग रांगच लागली. चार दिवसांत एकतीस हजेऱ्या. जाती म्हणशील तर: चिमणी, काळा गळपट्टा लावलेला एक रुबाबदार तपकिरी पक्षी, बुलबुल आणि साळुंकी. झाल्या चार. कावळा मी इमानाने वेगळ्या पानावर मांडलाय. वीस दिवस लावलेल्या शिस्तीचं हे फळ, घडी बसायला जरा वेळ लागला इतकंच. तेव्हा ताई, या पत्राला उत्तर नको, सामानाची यादी पाठव.

तुझा धाकटा भाऊ,
टाइमकीपर (निवृत्त, पण नावालाच)

ता. क. १: हिने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, पाखरं शिस्तीने नाही, मी खुर्चीवरून उठल्यामुळे आली. तिच्याकडून तुला कळणारच आहे, म्हणून मीच कळवतो.

ता. क. २: हीच असंही म्हणते की तो गळपट्टेवाला म्हणजे चिमणीचा नवरा. मग जाती तीनच उरतात. सध्या घरात मी फारसा बोलत नाही.

ता. क. ३: पण चौथा आहे. दुपारी चारच्या सुमारास मागच्या भिंतीवर येतो. शेपटी लांब की आखूड ते नक्की सांगता येत नाही, रंग उन्हावर अवलंबून. आम्हा अडाण्यांना ओळखू येणार नाही, तुलाच येऊन बघावं लागेल. खिडकीची खोली रिकामी केली आहे, आणि या घराला जिना नाही. शनिवारी टेम्पो घेऊन येतो. अट पुरी झाली नाही असं वाटलं, तर इथे येऊन भांड.

ता. क. ४: ही म्हणते, असा चौथा पक्षी तिने एकदाही पाहिलेला नाही. पण लिहिलंय ते खोडू नका, म्हणाली.