‘थांबा’च्या पाटीपाशी

ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. (माझी पाठ धरली आहे, तेव्हा सध्या नुसतं शिर स्वीकार.) गुडघ्याचे टाके निघाले का? भावोजी अजून चहात साखर विसरतात का? मंगळवारपासून व्यायामाला इस्पितळात कोण नेणार याची काळजी करू नकोस, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ती आता थोडी कर. गाडीच्या परीक्षेत मी नापास झाले. बाकी मजेत.

झालं असं, की ‘थांबा’च्या पाटीपाशी थांबणं मला फार छान जमतं. शिकवणारे मास्तरसुद्धा तेवढ्यापुरतं कौतुक करतात. अडतं ते पुढे. आडव्या रस्त्याने गाड्या येत राहतात, त्यातली कुठली फट आपली हे ओळखून निघायचं असतं. मोटार गेली की मला वाटतं, निघू. तेवढ्यात लांबवर एखादा सायकलवाला दिसतो (अगदी ठिपका), आणि बिचाऱ्याला आधी जाऊ द्यावंसं वाटतं. एकदा समोरच्या ट्रकवाल्याने ‘जा’ म्हणून हात केला. मी ‘छे, आधी तुम्ही’ म्हणून केला. त्याने पुन्हा, मीही पुन्हा. शेवटी मागचा टेम्पोवाला ओरडला, “मावशी, सोयरीक ठरवताय का?”

परीक्षेला शेजारी साहेब, मांडीवर फाइल. रस्ता मोकळा झाला, भरला, पुन्हा मोकळा झाला. आणि माझा डावा हात गिअरवरून उठला नि त्याने साहेबांचं मनगट धरलं! साहेबांनी हात सोडवून घेतला. आणि कागदावर लिहिलं, ‘उमेदवाराने परीक्षकाचा हात धरला.’ (घरी ह्यांनी तो शेरा दोनदा वाचला, मोठ्याने.)

रात्रभर विचार केल्यावर कळलं, चूक तुझी आहे. शाळेत जाताना रस्त्याच्या कडेला तू माझं मनगट दाबून ‘आता’ म्हणायचीस, की मी डोळे मिटून निघायचे. फट कधी मी मोजलीच नाही गं.

तुझीच,
धाकटी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तोवर पुन्हा परीक्षा झाली. तेच साहेब. पाटी दिसताच त्यांनी दोन्ही हात फाइलखाली घातले. मी एका सायकलवाल्याला जाऊ दिलं, आणि निघाले. पास!

ता. क. २ मंगळवारी नऊ वाजता येते. भावोजींना टॅक्सी सांगू देऊ नकोस. माझ्या शेजारी पाय लांब करून बस, आणि काही झालं तरी ‘आता’ म्हणू नकोस.

ता. क. ३ तुमच्या गल्लीच्या तोंडाशीही ‘थांबा’ची पाटी आहे, असं हे आत्ता सांगतात. बोलू नकोसच. फक्त तिथे पोचलो की तुझा उजवा हात जरा माझ्या बाजूला ठेव.