मुंग्यांनी केलेली चुगली

महाळुंगे, रविवार

प्रिय आई,

मिनलचा जयभीम. फोनवर शुगरचं नाव काढलं की तू विषय बदलतेस, म्हणून लिहितेय. आपल्या धाकट्या मैत्रीकडून वाचून घे आणि मध्येच उठू नकोस.

मी बरी आहे. इंजेक्शन वेळेवर घेते. पाय अधूनमधून बधिर होतात, पण ते कंपनीत लाइनवर दिवसभर उभं राहून होत असेल. तुझा डोळा कसा आहे? अजून अंधुक दिसतं का?

कंपनीत कुणी गाडी घेतली की पेढे वाटतात, आणि नको म्हटलं की माणसं रुसतात. शुगर आहे कळलं तर कामावरून काढतील, या भीतीने मी पेढा घ्यायचे आणि लॉकरमध्ये टाकायचे. गेल्या महिन्यात लॉकरला मुंग्यांची रांग लागली. सगळ्यांसमोर नऊ पेढे निघाले. मग सांगूनच टाकलं. कुणी काढलं नाही. आता पेढ्यांबरोबर माझ्यासाठी फुटाण्यांची पुडी येते, आणि इंजेक्शन मी बाथरूममध्ये नाही, कँटीनमध्ये सगळ्यांत बसून घेते.

तुझ्या न घेतलेल्या शुगरच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात सापडल्या, हे मैत्रीने सांगितलं. तिला बोलू नकोस. मीही तुला बोलणार नाही, लपवायला मी तुझ्याकडूनच शिकले.

पत्र मिळेल त्या दिवसापासून दुपारी एकला जेवून गोळी घे आणि मला मिस कॉल दे. तो आला की मी इंजेक्शन घेईन आणि मगच डबा उघडेन. आता मला उपाशी ठेवायचं का, ते तू ठरव.

तुझीच हट्टी,
मिनल