कांजिण्यांची खोली

२ ऑगस्ट
आले बाई एकदाची! मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर झाले. नेमणूकपत्रात 'चारित्र्यसंपन्न विधवा' असं टाइप केलंय. त्रेचाळिसाव्या वर्षी का होईना, कुणीतरी माझ्या चारित्र्याची लेखी दखल घेतली. खोली ऐसपैस आहे, उजेड भरपूर, आणि पगारात लेकीचं कॉलेज बसतं. स्वयंपाकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. देहाने पिंप, मनाने लोणी.

५ ऑगस्ट
गच्चीवर आजाऱ्यांसाठी वेगळी खोली आहे. जाड दार, बाहेरून कडी, दाराला खाली ताट सरकेल एवढी झडप. उजेडाला एक झरोका, तोही छताला टेकलेला. गेल्या वर्षी एका मुलीला कांजिण्या आल्या. ती रडली म्हणून काकूंनी दुसऱ्याच दिवशी दार उघडलं, आणि चौतीस मुली अंथरुणाला खिळल्या. हे ऐकल्यावर काकूंना मी चांगलंच झापलं, तेही मुलींसमोर. त्यांना अक्षरओळख नाही, म्हणून नियम तोंडपाठ करून घेतले. पाच दिवस दार उघडायचं नाही. आतला माणूस काहीही बोलो, तापात बरळतो. कागद-कापड बाहेर आलं तर चिमट्याने उचलून जाळायचं. ताट वेगळं ठेवायचं, उकळून पुन्हा त्याच खोलीला द्यायचं. मुलींना गच्चीचा जिना बंद. वीस वेळा म्हणवून घेतलं. विसाव्या वेळी काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं.

२० ऑगस्ट
दोन महिने पाळी नाही. वयाच्या माथी मारत होते. वय निर्दोष आहे. इथे येण्याआधीच संपलेला विषय. त्या गृहस्थाचं नाव त्याच्या बायकोच्या दारावरच्या पाटीत शोभतंय, तिथेच राहू दे.
दवाखान्यात हे रीतसर होतं, नीट होतं, हे मला ठाऊक आहे. पण तिथली नर्स म्हणजे आमच्या संस्थेच्या चिटणीसांची सून. सकाळी मी आत, दुपारी माझी बॅग रस्त्यावर.

२६ ऑगस्ट
बाजारामागे एक शिलाईवाली आहे. मापं द्यायला आले, एवढंच म्हणायचं. पडद्यामागे बाकडं. दहा मिनिटं. बाईने हात अगदी साबण लावून स्वच्छ धुतले. नंतर.
चार दिवस रक्त जाईल, पडून राहा, म्हणाली. रेक्टरने पडून कुठे राहायचं? मग सुचलं. काकूंना लांबूनच सांगितलं की मला कांजिण्या आल्यात. काकूंना त्या कधी झालेल्या नाहीत, गेल्या वर्षीही कशाबशा वाचल्या. ऐकताच दहा पावलं मागे सरल्या. मी आपली वही-पेन घेऊन गच्चीवर. बाहेरून कडी लागली. आता पाच दिवस कुणी जवळ येणार नाही की काही विचारणार नाही. स्वतःच्या अकलेवर बेहद्द खूश आहे.

२७ ऑगस्ट
ताप. हुडहुडी अशी की दात वाजतात. रक्त थांबायचं नाव नाही. काकू दाराबाहेरून विचारून गेल्या, खाज फार आहे का. फार आहे म्हटलं.

२८ ऑगस्ट
पोट फळीसारखं ताठ. बोट लावलं तरी कळ. कसलातरी वास येतोय. वाटलं, उंदीर मेला असेल. चादर झटकली, कोपरे पाहिले. उंदीर नाही. मीच.
दार ठोठावलं. काकू म्हणाल्या, बाई, आज तिसराच दिवस. मग सगळं सांगितलं, खरं खरं. पोट राहिलं होतं, शिलाईवाली, रक्त, सगळं. मग काकू रडायलाच लागल्या. काय हो हा ताप, तुमच्यासारख्या बाईच्या तोंडी असलं काहीतरी! मी मेले तरी कुणाला सांगणार नाही, म्हणाल्या.

दुपार
चिठ्ठी लिहून झडपेतून सरकवली. चिमट्याचा आवाज आला. मग धुराचा वास.

२९ ऑगस्ट
हाका मारल्या. आवाज झरोक्यापर्यंतही जात नाही —
केसातल्या आकड्याने ताटावर कोरलं. कांजिण्या नाहीत. रक्त. दवाखाना. अक्षरं उकळून जात नाहीत. स्वयंपाकघरात एखादी मुलगी वाचेल — कुणीतरी — एक डोकावली तरी —
उजाडलं की पाचवा दिवस. तो सरला की कडी निघेल. तेवढं —
लेकीला सांगायचं होतं की असं — लाजेपायी असं —

तारीख
ताट आलं. तेच. भात बाजूला केला. खाली माझीच अक्षरं, घासूनपुसून लख्ख.
हात गार. पाय — कळत नाहीत.
जिन्यात काकू बसल्यात. धीर यावा म्हणून पाठ म्हणताहेत. दार उघडायचं नाही — बरळतो — कागद जाळायचा — ताट उकळून —
बरोबर, काकू. एकही चूक ना