भीतीचे सात रकाने

प्रिय सुलू,

रोज फोनवर बोलतो तरी हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन एक तर समृद्धीच्या हातात असतो, नाही तर प्रतिभा शेजारी असते, आणि सुनेच्या नि नातीच्या देखत बोलता येणार नाही असं थोडं आहे. तुझे आप्पा उद्या भांडगावला सोयरिकीच्या बैठकीला निघालेत, जाताना खुटबावला तुझ्याकडे टेकतील. पाकीट चिकटवून देते आहे. त्यांच्यासमोर फोडू नकोस.

कागद पाठकोरा आहे. मागच्या बाजूला इंग्रजी छापलेलं दिसेल, ते सायलीचे उरलेले फॉर्म. चांगला जाड कागद, चुलीत घालवेना.

सायली म्हणजे पुण्याच्या कॉलेजातली मुलगी. बिबट्याच्या गावांतल्या बायका किती भितात याचा ती अभ्यास करते. मागच्या महिन्यात आठवडाभर गीताबाईंकडे उतरली होती. फॉर्म सगळा इंग्रजीत. वस्तीवर जुनी मॅट्रिक एकटी मीच, म्हणून तिनं मला बरोबर घेतलं. त्यातल्या एका प्रश्नाला सात रकाने होते, लहान भीतीपासून मोठीपर्यंत. अनईझी, नर्व्हस, वरीड, अफ्रेड, स्केअर्ड, टेरिफाइड, पेट्रिफाइड. बाईनं आपल्या भीतीपुढं खूण करायची. आमच्या शाळेत भीतीला फिअर म्हणायचं, तेवढ्यात भागायचं. सायलीनं एकेक शब्द मला समजावला आणि मी तो बायकांना आपल्या भाषेत सांगायचा, असं ठरलं. अनईझी म्हणजे जीव थाऱ्यावर नसणं. नर्व्हस म्हणजे पाहुणे तुला बघायला आले तेव्हा हातातल्या कपबश्या वाजत होत्या, ते. वरीड म्हणजे घोर. आपला सत्यजीत रात्रपाळी करून कोरेगाव भीमाहून वेळेत आला नाही की मला लागायचा तो. अफ्रेड आणि स्केअर्डमधला फरक तिलाही धड सांगता येईना. शेवटी एक मनात मुरलेली आणि दुसरी अचानक अंगावर आलेली, असं आम्ही दोघींनी वाटून घेतलं. टेरिफाइड म्हणजे हातपाय गळणं. आणि पेट्रिफाइड म्हणजे भीतीनं माणसाचा दगड होणं. जागचं हलता येत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही.

शेजारच्या मालनबाईपुढं मी हे सात शब्द वाचले तर ती सायलीला म्हणाली, "आगं पोरी, भीती काय डेअरीचं दूध हाय व्हय, फॅट लावून मोजायला?" सगळ्या हसल्या. मग तिनंच फॅट लावून दिली. सकाळी गोठ्यात जाताना गाईची, साडेतीन. उसाला पाणी धरायला एकटीनं जावं लागलं तर पाच. आणि सांजेला नातीला क्लासवरनं यायला उशीर झाला की म्हशीची, सातच्या वर. सायलीनं भराभर लिहून घेतलं, पण खूण नेमकी कुठं करायची ते तिला कळेना. मीच वरीडवर करून टाकली.

धुरपदाकडे जाऊ नये असं माझं मत होतं, पण सायलीला एकही घर सोडायचं नव्हतं. धुरपदानं सगळे शब्द ऐकून घेतले. मी पेट्रिफाइडचा अर्थ सांगितला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "दगड झाल्यालं माणूस फुडं कसं व्हतं, ते लिवलंय का त्यात?" ते लिहिलेलं नव्हतं.

तिचा नातू माऊली चैत्रात गेला तेव्हा मी तिथंच होते, हे तुला ठाऊक आहे. बाकीचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. आम्ही दोघी तिच्या ओट्यावर कुरडया उलटवत होतो. दिवस मावळायला अर्धा तास असेल. माऊली दहा पावलांवर नळाखाली पाय धूत होता. उसातून ते आलं आणि त्याला घेऊन गेलं. आवाज झाला नाही. धुरपदा पाठमोरी होती, मी तोंड करून होते. ती चिकाला वास येतोय का ते सांगत होती आणि मी तिच्या खांद्यावरून सगळं बघत होते. मला ओरडता आलं नाही. हात वर करून दाखवताही आलं नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. नळ चालूच होता. पाणी वाहत ओट्यापाशी आलं तेव्हा, पोरानं नळ उघडा ठेवला म्हणून रागवायला ती मागं वळली. वस्तीला वाटतं आम्ही दोघींनी एकदमच पाहिलं. धुरपदालाही तसंच वाटतं. ती अजून मला हळदीकुंकवाला बोलावते, मी जाते.

शेवटच्या दिवशी सायली म्हणाली, काकू, तुमचा फॉर्म राहिला. मी रकाने एकेक करून वाचले. चैत्रातला रकाना मला ओळखू आला, पण प्रश्न आजचा होता. आज त्यातलं काहीच नव्हतं. अनईझीच्याही अलीकडे काही आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, काहीच वाटत नसेल तर रेघ मारा, तुम्ही धीट आहात. मी रेघ मारली. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकी वर्षं माळ ओढली त्याचं फळ मिळालं, देवानं भीती काढून घेतली, असं मी धरून चालले. मालनबाईला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, आमचं बी गाऱ्हाणं घाला मग देवाला.

आता पट्ट्यांचं सांगते. माऊलीनंतर वस्तीवर सगळ्यांनी गळ्यात घालायचे पट्टे आणले. चामड्याचा पट्टा, त्याला बाहेरच्या अंगानं टोकदार खिळे. बिबट्या नरडं धरतो म्हणून. उसात जाताना, अंगणात उतरताना घालायचा, असा नेम आहे. समृद्धीलाही लहान पट्टा आहे, आणि ती तो कुरकुर न करता घालते. पण चामडं अंगावर ठेवून तुळशीपुढं कसं उभं राहायचं? म्हणून दिवेलागणीला मी माझा आणि तिचा, दोन्ही पट्टे काढून खुंटीला लावते, दोघी हातपाय धुतो, दिवा लावतो, माझा जप झाला की परत चढवते. आप्पा एकदा म्हणाले होते, देवाचं देव बघून घेईल, तू पोरीच्या गळ्यातलं काढत जाऊ नको. मी ऐकलं नाही. ते त्या वेळेला दूध घालायला डेअरीवर असतात, सत्यजीत रात्रपाळीला निघून गेलेला असतो, आणि प्रतिभा कामावरून सातला येते. तिला यातलं काही माहीत नाही.

गुरुवारी दिवा लावून मी दारातच पाटावर जपाला बसले. समृद्धी तुळशीपाशी खेळत होती. खेळता खेळता ती पलीकडे गेली, मग बांधापर्यंत गेली आणि उसाची पाचटं गोळा करायला लागली. मला समोर दिसत होती. पट्टा खुंटीला होता. कुत्री भुंकायला लागली. मग मालनबाईच्या घरून थाळी वाजली. थाळी वाजली म्हणजे कुणाला तरी जनावर दिसलं, हे वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळलं. मी माळेचे किती मणी राहिलेत ते बघितलं. सत्तावीस राहिले होते. ते ओढून संपवले, माळ कपाळाला लावली, मग उठले.

चैत्रात माझे पाय उचलत नव्हते. गुरुवारी उचलत होते, सुलू. मी मनात आणलं असतं तर चार ढांगांत पोरीपाशी गेले असते. मनात आलंच नाही. भरल्या उसात जनावर आहे आणि पोर बांधावर आहे, हे मला एखाद्या दुसऱ्या गावची बातमी कळावी तसं कळत होतं. ती आपली आपण परत आली, मूठभर पाचट घेऊन. मी तिच्या गळ्यात पट्टा घातला, दूधभाकरी कुस्करून दिली. प्रतिभा आली, तिला चहा दिला. रात्री मला झोपही लागली. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना सत्तावीस मणी आठवले, आणि तेव्हाही हात थांबला नाही. तेव्हा मला समजलं की हे देवानं दिलेलं नाही.

म्हणून लिहिते आहे. तू येऊन समृद्धीला खुटबावला घेऊन जा. अंगणवाडीचं सांग, तुला करमत नाही म्हण, काहीही सांग. ऊस तुमच्याकडेही आहे आणि बिबट्याचं नाव तिकडेही निघतं, हे मला ठाऊक आहे. पण तू दिवसातनं तीनदा फोन करून पोरगी कुठं आहे म्हणून विचारतेस, आणि मी तुझ्यावर चिडते. तसं विचारणारं माणूस तिच्याजवळ पाहिजे. पोर इथून हलली की प्रतिभाला मी स्वतः सगळं सांगेन. मग ती तिला पुन्हा माझ्याजवळ एकटीला ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. धुरपदालाही सांगावं लागेल, ते कसं ते अजून ठरवलेलं नाही. तू रविवारीच ये. सोमवारपासून प्रतिभाला दुसरी पाळी आहे, मग ती रात्री बारापर्यंत येत नाही.

तुझीच,
आई