क्लिफच्या निवडुंगांचा बोगदा

२१ सप्टेंबर
ऊन! वाराही पडलेला. शेजारचा नेव्हिल सकाळीच कुंपणावरून ओरडला, "थेल्मा, आजच ताणायचं! प्लास्टिक उन्हात सैल होतं, मग थंडीत आपोआप आवळून बसतं." निवडुंग मंडळाचा चिटणीस तो, त्याच्यापुढे कोणाचं चालतंय! कमानींवर प्लास्टिक चढवलं, कडा चरात पुरल्या. क्लिफ खुर्चीत बसून आमच्या चुका काढत होता — "अरे ओढ की, जेवला नाहीस का!" फार बरं वाटलं. दुपारभर माझा नवरा पूर्वीसारखा झाला होता.
वादळात काचघर गेल्यापासून झाडं बैठकीत आहेत, म्हणून त्यांच्यासाठी हा प्लास्टिकचा बोगदा. सोफ्यावर टेकायची सोय नाही.

२ ऑक्टोबर
आतून बबल रॅप लावला. फुगे आत की बाहेर — चहा गार होईपर्यंत नेव्हिल आणि क्लिफ भांडले! आत आता दुधासारखा उजेड. बाहेर यावंसं वाटत नाही.

९ ऑक्टोबर
सगळी झाडं आत. आता मार्चपर्यंत पाण्याचा थेंब नाही. "थंडीनं नाही गं मरत, ओलीनं मरतात" — हे लग्नापासून ऐकतेय.
क्लिफ कुंडीकुंडीशी थांबून नावं घेत गेला. लांबलचक लॅटिन नावं, एकही अडखळलं नाही. काल मात्र मला त्याची बहीण समजला. या नावांना धरून तो अजून उभा आहे. झाडं गेली तर तोही जाईल, याची मला भीती वाटते. म्हणून हा खटाटोप.

१४ नोव्हेंबर
चेव्हियटच्या डोंगरावर बर्फ. बोगद्यात हीटरची घरघर, मला नि क्लिफला डुलकी लागली. स्वप्नात मेक्सिको — कधी गेलोच नाही! पांढऱ्या केसांचे निवडुंग माणसांसारखे उभे, क्लिफ पुढे चाललेला, आणि त्याला हाक मारायचं मला सुचतच नव्हतं. जाग आली तर त्याचा हात माझ्या गुडघ्यावर. कितीतरी वेळ हलले नाही.

२५ डिसेंबर
नेव्हिलनं पुडिंग आणलं. बोगद्यातच खाल्लं, कोट काढून!

८ जानेवारी
सगळ्या कुंड्या ओल्या! मी बटाटे सोलत होते तेवढ्यात. क्लिफ झारी घेऊन हसत उभा — "एप्रिल लागला की! तहानली होती बिचारी." एवढं उबदार मीच करून ठेवलं!
नेव्हिल धावत आला. "उपट सगळी, मुळांची माती झाड, कागदात गुंडाळ. मुळं सुकली तर वाचतील." हात रक्तबंबाळ. रडले. क्लिफ आत झोपला होता, तेच बरं.

९ जानेवारी
झाडं पुन्हा सोफ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. क्लिफनं एक पुडी उघडली. "हिवाळ्यात पाणी कोणी घातलं?"
"मी," म्हटलं.
रागावला नाही. "बाई, माझ्या बायकोला तरी विचारायचंत. तिला सगळं ठाऊक आहे. आत्ताच इथं होती."
बरं, विचारते म्हटलं.